चाकावरचं कुंकू

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. भोकरदनला गाडी दुरुस्तीचं काम शिकवतो. सहा महिन्यांचा कोर्स, शेवटी जालन्याला परीक्षा. परीक्षक बाहेरून येतो. तो पास म्हणाला की प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असलं की मोठ्या वर्कशॉपात टेक्निशियन म्हणून पहिल्या पायरीवर उभं राहता येतं. त्याआधी वीस वर्षं मी रस्त्याकडंच्या गॅरेजात काढली. तिथं कुणी शिकवत नसतं, शिव्या घालत असतं. ती सवय माझी काही सुटली नाही.

माझ्या वर्गाचा एक कायदा होता. चाक बसवलं की नट आधी बोटांनी फिरवायचे. मग गाडी जॅकवरून खाली घ्यायची आणि चाक जमिनीला टेकल्यावर टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरलेला जोर लागला की 'कट्ट' वाजणाऱ्या पान्यानं, एकेक नट आवळायचा. नट वाजला की त्याच्यावर लाल रंगाचा ठिपका. खोलताना तो पेट्रोलच्या बोळ्यानं पुसायचा, आवळल्यावर नवा द्यायचा. हे ठिपक्याचं डोकं माझं स्वतःचं. नव्या बॅचला पहिल्याच दिवशी ऐकवायचो, "लाल दिसलं का, डोळे झाकून गाडी काढा." किती मोठ्या तोंडानं बोलायचो! आता आठवलं की स्वतःच्याच कानफटात द्यावीशी वाटते.

त्या वर्षी परीक्षा नेमकी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लागली. खंडेनवमीच्या आदल्या दुपारी मी आमच्या जुन्या जीपचं पुढचं डावं चाक खोलून ब्रेक दाखवला. चाक परत चढवलं, नट बोटांनी फिरवले, जीप खाली घेतली आणि तेवढ्यात फोन आला की परीक्षेचं सेंटर बदललं. मी बोलत बोलत बाहेर गेलो. अर्धा तास त्या माणसाशी भांडलो. परत आलो तेव्हा रागानं डोकं तापलेलं, पोरं पांगलेली. शटर ओढलं आणि घरी गेलो.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं धुऊन मांडतात, पूजा करतात आणि मंग त्या दिवशी पान्याला कामासाठी हात लावत न्हाईत. बायकोनं गोड्या तेलात कुंकू कालवून दिलं होतं. मी पान्यांना लावलं, जॅकला लावलं, जीपच्या बॉनेटला लावलं, आणि हौसेनं चारी चाकांच्या एकेका नटाला बोट टेकवलं. दोन दिवसांत ते लाल रंगासारखंच दिसायला लागलं.

परीक्षेच्या सकाळी निघायला उशीर झाला. मी जीपभोवती एक चक्कर मारली. चारी चाकांवर लाल. "बसा पटापट!" म्हणून ओरडलो.

माझ्या शेजारी, डाव्या सीटवर, बॅचमधली एकुलती एक पोरगी बसली होती. मागं पाचजण. ही पोरगी मागच्या परीक्षेत नापास झाली होती, आणि कशानं, तर वेळेनं. हात साफ, पण हळू. चाक बदलायच्या कामात घड्याळ तिच्या पुढं पळालं. जालन्यातल्या एका वर्कशॉपनं तिची जागा धरून ठेवली होती, पण या खेपेला प्रमाणपत्र न्हाई आणलं तर दुसऱ्याला देऊ, असं साफ सांगितलं होतं. मी तिला महिनाभर एकच गोष्ट ऐकवली होती, "हात चालव गं, जल्दी चालव!" ती मला घाबरायची. सगळेच घाबरायचे, पण ती जरा जास्त.

राजूर मागं पडलं आणि ती म्हणाली, "सर, इकडच्या चाकातून आवाज येऊन राह्यला."

"रस्ता खराब आहे."

थोड्या वेळानं पुन्हा, खालच्या आवाजात, "सर, टकटक येऊन राह्यलंय."

"मी स्वतः बघितलं ना लाल? का तूच एकटी शहाणी?"

खरं सांगतो, आवाज मलाही येत होता. स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं होतं. पण सहाजणांसमोर गाडी थांबवून खाली वाकायचं म्हणजे आपला कायदा आपणच खोटा पाडायचा. म्हणून चालवत राहिलो. समोरून कापसाचा ट्रक आला, त्याला जागा द्यायला मी डावीकडं घेतलं आणि जीप आपोआप आणखी डावीकडं ओढली गेली. मागच्या एकानं "आई गं!" केलं. तिनं डॅशबोर्डला दोन्ही हात रोवले आणि पहिल्यांदाच माझ्यावर ओरडली, "थांबवा सर! आत्ताच्या आत्ता थांबवा!"

थांबवली. खाली उतरून चाकाशी वाकलो. डाव्या चाकाचे पाचातले दोन नट रस्त्यात कुठं पडले, देव जाणे. उरलेले तीन मी नुसत्या बोटांनी फिरवले तर लोण्यासारखे फिरले. बोटं लाल झाली. रंग असा हाताला येत नसतो. ते माझंच कुंकू होतं. तेव्हा कुठं मला ती दुपार आठवली, तो फोन आठवला आणि नट न वाजवताच शटर ओढलेलं आठवलं. सहा पोरं! सहा घरांतून सकाळी दही-साखर हातावर घेऊन निघालेली पोरं मी त्या चाकावर बसवली होती.

त्या पोरीनंच पाना काढला. उजव्या चाकाचा एक आणि मागच्या एका चाकाचा एक असे दोन नट काढून इकडं बसवले, पाचही कट्ट कट्ट वाजवले, मग बाकीची तिन्ही चाकं तपासली. मी बॉनेटला टेकून उभा होतो. पुढचा सगळा रस्ता मी जीप बैलगाडीच्या चालीनं नेली.

परीक्षेत तिला नेमकं चाकाचंच काम आलं. सेंटरची गाडी, एक चाक, बांधलेला वेळ. तिनं वेळेच्या आत काढलं, बसवलं, वाजवलं. आता फक्त "झालं सर" म्हणायचं होतं. पण ती उठलीच न्हाई. पाना घेऊन दुसऱ्या चाकाकडं गेली. मंग तिसऱ्या. मी काचेपलीकडून बघत होतो, ओरडावंसं वाटत होतं, अगं बस, बस की गं! चौथ्या चाकाशी घड्याळ वाजलं.

परीक्षक म्हणाले, "काम एका चाकाचं दिलं होतं. बाकीच्यांना का हात लावला?"

तिनं माझ्याकडं बघितलं. एक वाक्य बोलली असती तर सुटली असती. खाली मान घालून म्हणाली, "सवय आहे, सर."

परीक्षकांनी पेन उचललं. मी आयुष्यात मालकाला भ्यालो, पोलिसाला भ्यालो, पण त्या पेनाला भ्यालो तेवढा कशालाच न्हाई. बोललो तर माझी शिकवायची मान्यता जाणार होती. न्हाई बोललो तर तिची जागा. तरी आत गेलो आणि सगळं सांगितलं. नट, कुंकू, फोन, तिचं दोनदा सांगणं, माझं खेकसणं. त्यांना बाहेर नेऊन जीप दाखवली, नटांचं लाल दाखवलं.

त्यांनी एका नटावरून बोट फिरवून बघितलं. मग तिला म्हणाले, "पुन्हा एकदा. एकच चाक." माझ्या नावापुढं मात्र त्यांनी दोन ओळी लिहिल्या, आणि शिकवणाऱ्यांची परीक्षा मला नव्यानं द्यावी लागली. चाळीस उलटलेला माणूस, विशीतल्या पोरांच्या रांगेत बसलो.

ती पास झाली. आता जालन्याच्या त्या वर्कशॉपात आहे. मी जीप तिथंच नेतो. मागच्या खेपेला काम झालं, किल्ली हातात आली, मी बसायला निघालो तर म्हणाली, "थांबा सर." वाकून चारी चाकांच्या नटांवर एकेक करून पाना टेकवला, मग लाल ठिपक्यांवरून अंगठा दाबून फिरवला आणि तो अंगठा माझ्या डोळ्यांसमोर धरला. कोरा होता.

"जा आता," म्हणाली. "सावकाश जा."