भागुबाईचा एका दिवसाचा घट

भागुबाई मूळची निपाणीकडची. बंगळूरच्या जे. पी. नगरात येऊन वीस-बावीस वर्षं झाली. नवरा कल्लाप्पा व्हाइटफील्डच्या ऑफिसांची गाडी चालवतो, ती घरूनच डबे करते. आमटीचा थेंब तळहातावर घेऊन जिभेला लावायची, की झालं. मीठ कमी की जास्त ते तिथंच कळायचं. आणि नवरात्रात गल्लीतल्या मराठी बाया जमल्या की आरतीचा पहिला सूर तिचाच. ती म्हणायला लागली की बाकीच्यांचे आवाज आपोआप मागे उभे राहायचे.

त्याच जिभेच्या कडेला फोड आला. मिश्री लावायची सवय माहेरापासूनची, त्यामुळे तोंडाची आग तिला नवी नव्हती. दात लागला असेल म्हणून तिने तूप लावलं, अंबाबाईचा अंगारा लावला. पण फोड काही हटेना. वरच्या खोलीत राहणारी सिद्धी पुण्याची, कॅन्सरच्या पेशींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला. जेवायला रोज खाली यायची. तिनेच हट्टाने दवाखान्यात नेलं. तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला. जिभेचा काही भाग आणि मानेतल्या लसिकाग्रंथींच्या गाठी काढायच्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. तारीख दिली ती नेमकी घट बसल्याच्या दुसऱ्या दिवसाची.

"दसरा होऊ दे, मग बघू," भागुबाई म्हणाली.

घट बसला की घरच्या बाईने दिवा सोडून मुक्कामाला जायचं नाही, हा तिच्या सासरचा नेम. तो तिने कधी मोडला नव्हता. पण खरी भीती नेमाच्या आड लपली होती. जीभ कापल्यावर देवीपुढे तोंड उघडायचं कशानं?

"काकू, अहो दसऱ्यापर्यंत थांबायला नको," सिद्धी पोळी तशीच ठेवून म्हणाली.

"अगं, वाटाण्याएवढा तर फोड. महिना झाला, तसूभर हललाय का?"

"वरून नाही हलला. पण आतलं बघा ना. जिभेच्या कातडीतल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून बसतात, फरशा बसवल्यासारख्या. कॅन्सरच्या गाठीतल्याही बऱ्याचशा तशाच असतात. मग कडेच्या काही जणी हात सोडतात. त्यांचं रूपच बदलतं. लांबट होतात, सरपटत आत शिरतात. तुमच्या तपासणीत कडेला तशा सुट्या पेशी दिसल्यात. दुसरीकडे पोचल्या की पुन्हा पहिल्यासारख्या होतात आणि तिथंच बिऱ्हाड मांडतात."

"आमच्यागतच की मग!" कल्लाप्पा हसला. "निपाणीत हात सोडला, बंगळुरात बिऱ्हाड केलं."

"तोंड आवरा तुमचं," भागुबाई फणकारली. "आपण कुणाचं घर पोखरलंय? कष्टाचं खातोय."

सिद्धीने ठेवलेली पोळी पुन्हा उचलली.

बंगळुरातल्या दुकानाच्या धान्याचा भागुबाईला भरवसा नव्हता. एका वर्षी घटाची माती कोरीच राहिली होती, ते तिच्या मनाला फार लागलं होतं. तेव्हापासून पेरायच्या आधी मूठभर गहू ओल्या फडक्यात बांधून ती पारखून घ्यायची. यंदाही बांधले होते. सकाळी फडकं सोडलं तर दाणे जसेच्या तसे. हिरवं टोक एकालाही नाही.

"यंदा पण फसवलं की वाण्यानं," असं म्हणत तिने एक दाणा उचलला. तो निघेना. ओढला तर फडकंच वर आलं. उलटं करून बघते तर पांढऱ्या मुळ्या विणीतून आरपार गेलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या. एक दाणा तिने जोर लावून ओढला. मुळी तुटून फडक्यातच राहिली.

ती फडकं मांडीवर घेऊन बसून राहिली. देवीचं धान्य ते, त्यात वाईट काही मनात आणायचं नाही, असं तिने स्वतःला दोनदा बजावलं. तरी जीभ आपोआप कडेच्या फोडाकडे वळली.

कल्लाप्पा गाडीची किल्ली शोधत आत आला. "काय गं, उगवलं न्हाई?"

"उगवलंय. खाली." तिने फडकं त्याच्यापुढे धरलं. "अहो, सासूबाई घरात अडचण असली की अष्टमीला एका दिवसाचा घट बसवायच्या, आठवतंय?"

"व्हय. आपली धाकटी पोरगी झाली तवा तसंच केलतं."

"यंदा तसंच करायचं. आणि मी नसले, तर तुम्ही बसवायचा."

"मी? मला आरती कुठं येतीया सगळी?"

"येती तेवढी म्हणा. देवी काय परीक्षा घेतीया?"

तो हसला नाही. किल्ली शोधायची सोडून त्याने फोन काढला. मग म्हणाला, "डॉक्टरला फोन करतो. सिद्धीला पण सांगतो."

ठरल्या दिवशी ऑपरेशन झालं. अष्टमीला भागुबाई घरी आली ती नाकात नळी, मानेला पट्टी अशी. बोलणं बंद. सिद्धीने तपासणीचा निकाल आणला होता. जिभेची कड साफ निघाली होती. मानेतल्या एका गाठीत मात्र त्या पेशी पोचल्या होत्या.

"गाठ काढलीय काकू, आता तिथं किरणांचे उपचार द्यायचे," ती म्हणाली. "त्यापुढं कुठं गेल्यात का, ते आत्ताच नाही सांगता येत. सध्याच्या तपासण्यांत तरी काही दिसलं नाही. खोटं नाही सांगत तुम्हाला."

भागुबाईने तिचा हात धरून ठेवला. दसऱ्यापर्यंत थांबलो असतो तर, हे तिघांच्याही मनात आलं.

कल्लाप्पाने घट बसवला, दिवा लावला. आरतीचं पहिलं कडवं कसंबसं पार पडलं. दुसऱ्यात त्याची गाडी अडली. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने तोंड उघडलं. शब्द कसला येतोय! घोगरा, ओला, आकार नसलेला आवाज आला. पण चाल मात्र बरोबर होती. कल्लाप्पाला पुढचे शब्द आठवले. तो म्हणायला लागला, आणि ती त्याच्या मागे मागे, तशीच.