खडीसाखरेच्या खोलीवरची पावलं

गल्लीत त्यांना सगळे हळूआजोबा म्हणत, आणि त्यात कुणाची चूक नव्हती. दिवसातून शंभरदा त्यांच्या तोंडी तोच शब्द. दार हळू लावा, जिना हळू उतरा, शिंका जरा हळू द्या! आता शिंक काय हळू देता येते? पण त्या घरात देत असत.

कारण घराच्या तळमजल्यावर खडीसाखर जमत असे. साखर पाण्यात उकळायची, थोडं दूध घालून वर आलेली मळी झाऱ्याने काढून टाकायची, आणि पाक बोटांत तार धरू लागला की तो दोरे ताणलेल्या टोपांत ओतायचा. मग टोप गोणपाटात गुंडाळून खोली बंद. पुढे कितीतरी दिवस टोपाला धक्का म्हणून लागता कामा नये. लागला, की मोठे खडे धरायचे राहतात, पाकभर बारीक कणी पडते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

उभा जन्म यात गेला, तरी आजोबांचं नवल काही ओसरलं नव्हतं. उसाचा तो गढूळ, हिरवट रस कारखान्यात आटून पांढरी साखर होतो. ती साखर इथे येऊन पुन्हा पाण्यात विरघळते, आणि मग अंधारात, कुणी हात न लावता, साध्या सुती दोऱ्याला काचेसारखे खडे धरतात. कडा सरळ, कोपरे रेखीव. "आत पट्टी लावून कोण बसतं रे?" असं ते टोप उघडताना दर वेळी विचारत.

यंदा मात्र त्यांचं चित्त टोपांत नव्हतं. नात दोन वर्षांची होऊन गेली तरी पाऊल टाकत नव्हती. डॉक्टर म्हणाले, पायांत काही दोष नाही, वाट बघा. वाट बघून सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. एकदा जेवताना सून बोलून गेली, "बाबा, या घरात पाय वाजवायचा नाही, हे पोरीला पोटातच कळलं असेल." तिने लगेच जीभ चावली. पण आजोबांनी ताट बाजूला सारलं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी ते गोणपाटाची कड उचलून खडे धरू लागले का पाहत होते, तोच डोक्यावरच्या लाकडी तक्तपोशीवर आवाज झाला. धप्प.

टोपातला पाक थरथरला. "हळू" हा शब्द सवयीने ओठांवर आलासुद्धा. तेवढ्यात पुन्हा धप्प, धप्प, आणि कुणीतरी बदकन बसलं. इतकं बेताल त्या घरात कुणीच चालत नव्हतं. मग परत धप्प.

पाकात पांढरे कण उमटत होते आणि सावकाश तळाशी बसत होते. सगळा टोप वाया चालला होता, आणि आजोबा तोंडाचा आ करून बघत उभे होते.

सून अर्ध्या जिन्यावरूनच ओरडली, "बाबा, चालली! चालली ती! पण टोप... उचलून घेऊ का तिला?"

"खबरदार हात लावलास तर!" आजोबा इतक्या मोठ्याने गरजले की समोरच्या घराच्या खिडक्या उघडल्या. मग त्यांनी तक्तपोशीकडे तोंड केलं. डोळ्यांतलं पाणी गालांवरून खुशाल ओघळत होतं.

"जोरात, बाळा! अजून जोरात!"