शीबाईचा चौथा खड्डा

घरीदारी तिला सगळे शीबाईच म्हणत. लोकांकडे चहा घ्यायचा तरी कप आधी स्वतः विसळणार, ओल्या फडक्याचा वास आला की "शी!" नवरा चिडवायचा, "एवढी नाजूक, तर मातीतलं काम कशाला धरलंस?" "माती घाण नसते, माणसं असतात," ती फणकारायची.

शहरात जुनं पाडून नवं उठवायचं ठरलं, की चाचणीचे खड्डे घेऊन जमिनीत काही प्राचीन असेल का, ते सांगायचं, हे तिचं काम. या खेपेला जागा होती एक बंद पडलेला पेट्रोलपंप आणि त्यामागचा सार्वजनिक संडास. बिल्डरच्या इंजिनियरने मोठ्या अगत्याने तीन खड्डे आधीच खणून ठेवले होते. शीबाईने वाकून पाहिलं आणि तिचं डोकंच फिरलं. तिन्ही खड्डे पंपाच्या टाक्यांच्या जागी! टाक्या पुरताना मूळची माती केव्हाच उपसली गेलेली. आत नुसती भरावाची वाळू.

"बघा मॅडम, काहीच नाही," इंजिनियर म्हणाला. चेहरा असा साळसूद, की दोन ठेवून द्याव्यात.

"डबा आधी रिकामा करायचा आणि मग मलाच विचारायचं, आत काय आहे? चौथा खड्डा संडासामागे घ्या."

"तिथे? नाक धरून पळाल!"

पळाली नाही. कमरेइतक्या खोलीवर विटांची गोल भिंत लागली, आतून जळून काळी पडलेली. आणखी पुरुषभर खणल्यावर तिचा तळ आला. कुंभाराची जुनी भट्टी! त्या आनंदात शीबाई मजुराच्या उष्ट्या बाटलीतून घटाघटा पाणी प्यायली. पुरातत्त्व खात्याच्या साहेबांना तिने फोन लावला. उद्या येतो, म्हणाले. स्वतः पाहिल्याशिवाय त्यांना काम थांबवता येणार नव्हतं. आणि परवा तर जेसीबी लागणार होता. मग कसली भट्टी नि कसलं काय!

सकाळी येऊन बघते तर खड्डा मैल्याने अर्धा भरलेला.

"रात्री पाइप फुटला हो," इंजिनियर हळहळला. पाइपवर पहारीचे ताजे घाव दिसत होते. उपसायला पंप मागितला, तर तो नेमका बिघडलेला. "लिहून टाका ना, तपासणी शक्य नाही," असं म्हणून मेला चक्क हसला.

शीबाईने नाकाला ओढणी आवळली आणि शिडीवरून आत उतरली. कमरेपर्यंत घाण. शी, शी म्हणत ती हाताने भिंतीचा तळ चाचपत राहिली आणि जे हाताला लागलं ते छातीशी धरून वर आली.

साहेबांची गाडी आली. काच बोटभर खाली झाली आणि आतून रुमाल दिसला. शीबाईने निथळती वस्तू सरळ बॉनेटवर ठेवली.

"साहेब, उतरून बघता, की आत आणून देऊ?"

साहेब झटकन उतरले. एकात एक बसलेले तीन वाडगे, आचेने कायमचे चिकटलेले. "म्हणजे भाजलेत इथेच," ते पुटपुटले. नाक धरून खड्ड्याच्या काठावर गेले, विटांची वरची कड पाहिली आणि तिथल्या तिथे काम थांबवलं. आधी रीतसर उत्खनन, मग इमारत.

इंजिनियरने क्षणभर ओठ चावला. मग वाडगे नळाखाली धुतले, डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि वाडगे पोटच्या पोरासारखे छातीशी धरून तो फोटोला उभा राहिला. "आमच्या कंपनीने जपलेला ठेवा!" शीबाई जवळ येताना दिसली तसं त्याने नाक मुरडलं. "मॅडम, तुम्ही जरा लांबच थांबा. वास येतोय."

सकाळपासून त्या घाणीत उभं राहून जे झालं नव्हतं, ते आता झालं. संडासाची भिंत धरून शीबाई भडाभडा ओकली.