चालू सिंथेसायझरची पूजा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी. इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री घेतली, काही वर्षं नोकरी केली आणि आता डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत जुने अ‍ॅनालॉग सिंथेसायझर दुरुस्त करतो. चाळीत म्हणतात, एवढं शिकून पोरगा पेट्या उघडत बसतो. म्हणू देत. हे काम मुंबईत किती जणांना जमतं ते मला माहीत आहे.

गेल्या दसऱ्याला गिरगावच्या एका काकांचं मशीन माझ्याकडे होतं. काकांनी उमेदीची वर्षं ऑर्केस्ट्रात काढली. मग बोटं आखडली आणि वाजवणं सुटलं. त्यांच्यासाठी मी मशीनला धरायला सोपी मोठी बटणं बसवली, आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड पायाने घेता यावी म्हणून एक पेडल जोडलं. त्याच संध्याकाळी वाडीच्या कार्यक्रमात ते कितीतरी वर्षांनी वाजवणार होते.

असल्या मशीनचा सूर ते तापल्याशिवाय स्थिर होत नाही. म्हणून सकाळी झाकण उघडून चालू ठेवलं, शेवटचं ट्यूनिंग तेवढं राहिलं होतं. तेवढ्यात आईने मला झेंडू आणायला दादरला पिटाळलं. निघताना मी तिला बजावलं, काही झालं तरी हे बंद करायचं नाही.

परत आलो आणि पिशवी हातातून सुटली. उघड्या सर्किट बोर्डावर ओलं हळदकुंकू. चिपांवर अक्षता. वरून आंब्याच्या पानाने शिंपडलेलं पाणी. आणि मशीनचा लाल दिवा अजून चालूच.

आई खुशीत होती. बाबा दरवर्षी गिरणीत मागाची पूजा करायचे, मग मुलाचं हत्यार बिनपूजेचं कसं ठेवायचं, असं तिचं म्हणणं.

“अगं, चालू मशीनवर पाणी?”

“तूच सांगलंस मां, बंद करू नको म्हणान? मिया बंद करूक नाय.”

प्लग उपटला. कापूस आणि स्पिरिटने सगळं पुसलं, शेजारच्या वहिनींचा हेअर ड्रायर आणून बोर्ड वाळवला. मग पुन्हा चालू केलं. या मशीनमध्ये सहा आवाज असतात, पट्ट्या दाबाल तसे ते पाळीपाळीने वाजतात. सहावा मेला होता. चाल वाजवली की दर सहावा सूर गायब. आणि त्या आवाजाची चिप आता बनत नाही.

काका दुपारी आले. सुरुवात कुठून करावी हे मी ठरवत होतो, तोवर आईनेच सांगून टाकलं, माझ्या हळदकुंकवाने बिघडलं, पोराचा दोष नाही. काका खाली बसले. बोर्डावरचा पिवळा डाग बघत राहिले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

मग मला सुचलं. सगळे आवाज एकाच पट्टीवर एकदम वाजवायची सोय यात आहे. तसं लावलं तर पाचांच्या गर्दीत सहाव्याची गैरहजेरी कळणार नाही.

“म्हणजे कॉर्ड नाहीत,” काका म्हणाले.

“नाहीत. एका वेळी एकच सूर. मींड मात्र येईल.”

त्यांनी पेडल दाबून बराच वेळ वाजवून बघितलं. उठताना आईला म्हणाले, “वहिनी, संध्याकाळी पहिल्या रांगेत बसायचं. एक जरी सूर गळला तरी मी तुमच्याकडेच बघणार.”

आई बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, मान खाली घालून. मी मागे वायरींजवळ उभा होतो आणि काकांचा पाय पेडलवर गेला की श्वास धरत होतो. एकही सूर गळला नाही. शेवटी टाळ्या पडल्या तेव्हा काका खरंच आईकडे बघून हसले.

घरी येताना मी तिला पुन्हा समजावलं, पाण्याने चिप कशी जाते, थोडक्यात कसं निभावलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

“पाच आवाज रवले ना?” ती म्हणाली. “ते पूजा केलंय म्हणान रवले.”

मी रस्त्यातच थांबलो. ती पुढे चालत राहिली.