गव्हांड्याचं अंथरूण

त्या वर्षी आमच्या घरात माणसांपेक्षा कापसाने जास्त जागा अडवली होती. भातकुलीजवळच्या आमच्या गावात बहुतेक घरांची हीच तऱ्हा होती. वेचणी झाली की कापूस घरात आणायचा, मोठ्या खोलीत त्याची गंजी लावायची आणि भाव वाढेल म्हणून बसून राहायचं. भाव वाढत नव्हता. बाबा रोज संध्याकाळी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवरून बातमी घेऊन यायचे आणि म्हणायचे, थांबू अजून. मग आम्ही थांबायचो. गंजी छताच्या लाकडांना टेकली होती. मी आणि धाकटी बहीण तिच्या पायथ्याशी झोपायचो, आई दाराजवळ, आणि बाबा तर गंजीवरच. थंडीत कापसाइतकी ऊब कशालाच नाही, हे मात्र खरं.

संक्रांत झाली आणि आम्हाला खाज सुटली.

आधी बहिणीला, मग मला, मग सगळ्यांना. मानेवर, कमरेवर, कोपराच्या आतल्या बाजूला लाल पुरळ. दिवसा त्यातल्या त्यात बरं, पण झोपायला टेकलं की अंगाची आग. माझं बारावीचं वर्ष होतं. अमरावतीला क्लासला जायची तेव्हा ऑटोत शेजारी बसलेली बाई माझ्या हाताकडे बघून पर्स मांडीवर घ्यायची आणि सरकून बसायची. मला तिचा इतका राग यायचा की मी मुद्दाम तिच्यासमोर खाजवायची. स्वभावच तसा आहे माझा, अजूनही फारसा सुधारलेला नाही.

बाबा बहिणीला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी मलम दिलं आणि घरात कुत्रं, मांजर, कोंबड्या असं काही आहे का, एवढंच विचारलं. बाबांनी तो प्रश्न निकालच समजून घरी आणला. खाज कोंबड्यांची. कोंबड्यांच्या अंगावर उवा झाल्या, त्या आपल्या अंगावर आल्या, विषय संपला.

कोंबड्या आईच्या होत्या. म्हणजे वावर बाबांचं, बैल बाबांचे, कापूस बाबांचा आणि कोंबड्या आईच्या. त्यांच्याबद्दल काही ठरवायचं तर तिला कोणाला विचारावं लागत नसे. घराच्या मागे टिनाच्या छपराखाली तिने खुराडं बांधून घेतलं होतं. त्यात खाली ती गव्हांडा पसरायची. गव्हाची मळणी झाली की जो कोरडा भुसा उरतो तो गव्हांडा. सोयाबीनचं कुटार तिला चालत नसे, ओल धरतं आणि बुरशी येते म्हणायची. तुरीचं टोचतं. गव्हांड्याची पोती ती वर्षभर माळ्यावर जपून ठेवायची आणि त्यात कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला चुरून मिसळायची. मधूनच एक मूठ उचलून दाबून बघायची. मूठ उघडल्यावर गव्हांडा भुरभुर पडला तर ठीक, गोळा झाला तर सगळं बाहेर काढून उन्हात. कोपऱ्यात एक खड्डा होता, त्यात चुलीतली पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांची राख. कोंबड्या दुपारी त्या राखेत लोळायच्या, पंख झटकायच्या, आणि मग उवा-पिसवा राहत नाहीत. आमच्या खुराड्याला वास नव्हता. गावातल्या काही घरांना होता, पण नावं कशाला घ्यायची.

तर बाबा म्हणाले, खुराड्यात फवारणीचं औषध मारतो, चावी दे.

इथे चावीचं सांगायला हवं. आदल्या वर्षी आमच्याच गल्लीतला, बाबांच्या वयाचा, बाबांबरोबर टपरीवर चहा प्यायला बसणारा एक माणूस कापसावर फवारायचं औषध पिऊन गेला. त्याची तेरवी व्हायच्या आत आईने लग्नात मिळालेल्या लोखंडी पेटीतली लुगडी बाहेर काढली, घरातल्या सगळ्या बाटल्या त्या पेटीत ठेवल्या, कुलूप लावलं आणि चावी पदराच्या टोकाला बांधली. फवारणीच्या दिवशी ती स्वतः वावरात यायची, लागेल तेवढं काढून द्यायची आणि बाटली परत घेऊन जायची. गावातल्या बऱ्याच बायकांनी त्या दिवसांत असं केलं होतं, कोणी कोणाशी न बोलता. बाबांनीही कधी विचारलं नाही. नव्या सुनेला पाण्याची घागर कुठे ठेवायची ते शिकवावं, तितक्या सहज ते आमच्या घरात ठरून गेलं.

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच हंगाम नसताना चावी मागितली.

"कायले?" आईने विचारलं.

"सांगतलं ना. खुराड्यात मारतो."

"नाई देत."

"काहून?"

"एक अंड्यावर बसली हाये. मरन थे."

एक कोंबडी खरंच खुडूक होऊन अंड्यांवर बसली होती, पण मला आणि आईला, दोघींनाही माहीत होतं की कारण तेवढंच नव्हतं. बाबा अलीकडे जेवताना बोलत नव्हते. मला भीती वाटायची. आईलाही वाटत असणार, पण ती ते कामात घालून टाकायची.

मग तिने खुराड्याचं असं काही काम काढलं की बघत राहावं. सगळा गव्हांडा बाहेर काढून जाळला. भिंतींना चुना मारला. कोंबड्या ज्या आडव्या दांड्यावर बसतात, त्याच्या फटीफटीत करंजाचं तेल चोळलं. निर्गुडीचे फाटे आणून छपराला लटकवले. नवा गव्हांडा, नवा पाला, नवी राख. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पांढरी चिंधी घेतली आणि दांड्याच्या खालच्या बाजूने घासत नेली. रक्त पिणारे किडे असले तर चिंधीवर लाल फराटा उठतो. चिंधी कोरी निघाली. तिने ती बाबांना दाखवली. त्यांनी एका हाताने मान खाजवत चिंधीकडे बघितलं आणि म्हणाले, मंग हे काय हाये?

बाबांनी सांगून टाकलं, बाजाराच्या दिवसापर्यंत एकतर चावी दे, नाहीतर कोंबड्या घराबाहेर काढ. आईने कोंबड्या काढल्या. मागच्या गल्लीत एक चाची राहायची, कपडे शिवायची आणि शेळ्या पाळायची. आईची तिच्याशी जुनी गट्टी. चाची म्हणाली, छोड जा, मेरी बकरियों के साथ रह लेंगी. मी आणि बहिणीने टोपल्यांत घालून कोंबड्या नेऊन दिल्या. परत येताना बहीण रडली. मी रडले नाही, मी बाबांवर चिडले होते.

राहिली ती खुडूक कोंबडी. अंड्यांवर बसलेली कोंबडी उठवायची नाही, हे बाबांनाही मान्य होतं. रागातसुद्धा ते तिला उठवा म्हणाले नाहीत. पण खुराड्यात एकटीला मांजराची भीती, म्हणून आईने तिला अंड्यांसकट स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत आणलं. आणि इतकी निगुतीची बाई, तिने तिथे एक गोष्ट केली जी आमच्या भागातल्या कोणीही केली असती. घरात सगळ्यात चांगलं, सगळ्यात स्वच्छ म्हणून तिने गंजीतला ओंजळ ओंजळ कापूस काढला आणि टोपल्यात अंड्यांखाली त्याचं मऊ घरटं केलं. कापसाबद्दल शंका घ्यायची हे आमच्या डोक्यातच नव्हतं. देवापुढची वात त्याची, बाळंतिणीची उशी त्याची, आमच्या शाळेची फी त्याची.

कोंबड्या गेल्या. खाज गेली नाही.

उलट ऊन वाढू लागलं तशी ती वाढली. बाबा म्हणाले, ती एक राहिली आहे ना, तिच्यामुळे. आणि खरंच, पडवीतली कोंबडी बेचैन होती. अंड्यांवरून सारखी उठायची, पोटाखाली चोच घालून पिसं ओढायची, परत बसायची, परत उठायची. खुडूक कोंबडी अशी उठत राहिली तर अंडी गार पडतात. बाबांना आयता पुरावा मिळाला होता.

आई चाचीकडे गेली. आपल्यामुळे तिच्या घरात खाज शिरली असली तर तोंड दाखवायला जागा नाही, या काळजीने गेली. चाची उन्हात बसून परकराला काठ लावत होती. कोंबड्या शेळ्यांच्या पायात फिरत होत्या. चाचीच्या अंगावर पुरळ नव्हतं, नातवंडांच्याही नव्हतं. आईने कोंबड्या एकेक करून पकडल्या, पंख उचलून बघितलं. एकही स्वतःला टोचत नव्हती. मी तिच्याबरोबर होते. परतीच्या वाटेवर आईची चाल वाढत गेली.

घरी येऊन ती सरळ पडवीत गेली. कोंबडीला हळूच उचलून माझ्या हातात दिलं आणि आपला उजवा हात टोपल्यातल्या कापसात खुपसून बसून राहिली. मला वाटलं हिचं डोकं फिरलं. मग उठून मोठ्या खोलीत गेली आणि डावा हात कोपरापर्यंत गंजीत घातला. संध्याकाळपर्यंत दोन्ही हात लाल पुरळाने भरले. त्याआधीच तिने टोपल्यातला कापूस चुलीत टाकला होता आणि अंड्यांखाली गव्हांडा आणि कडुनिंबाचा पाला घातला होता. कोंबडी बसली, अंग फुगवलं, आणि उठली नाही.

बोंडअळी लागलेल्या कापसात बारीक, डोळ्याला न दिसणारे किडे होतात आणि ते माणसाला चावतात, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. त्या दिवशी आम्हाला एवढंच कळलं की खाज कापसात आहे. आणि हे बाबांना सांगायचं होतं.

आईने जेवायला वाढताना सांगितलं, हात दाखवून सांगितलं. बाबा चिडले असते तर बरं झालं असतं. ते ताटावरून उठले, गंजीजवळ गेले, आणि कापसावर हात ठेवून उभे राहिले. वर्षभराचा घाम होता तो. कोंबड्यांना दोष देणं सोपं होतं, त्यांच्यावर आमचं काही अडलेलं नव्हतं. त्या उभ्या पाठीकडे बघून माझा सगळा राग उतरला आणि त्याच्या जागी नुसती भीती राहिली. आईने पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने रिकाम्या खुराड्याची दारं उघडली. टिनाच्या छपराखालची ती सगळी जागा शेणाने सारवली. ती वाळल्यावर माळ्यावरची उरलेली पोती खाली ओतून जाड गव्हांडा पसरला, त्यात निंबाचा पाला, कडेने राख. त्यावर उकळत्या पाण्यातून काढून उन्हात कडक केलेल्या गोधड्या. आमची अंथरुणं. मी म्हटलं, आम्ही काय कोंबड्या आहोत? ती म्हणाली, कोंबड्या खाजवत नाईत. झोपून बघितलं. गव्हांडा पाठीखाली करकरायचा, निंबाचा कडवट वास यायचा, आणि दोन-चार दिवसांत अंगावरचं पुरळ सुकू लागलं. मी तिथेच बसून अभ्यास करायला लागले.

बाबा आले नाहीत. ते गंजीवरच झोपत राहिले, जणू ती एकटी सोडली तर रुसून बसेल. रात्रभर त्यांच्या खाजवण्याचा आवाज यायचा. आई त्यांना एकदाही चला म्हणाली नाही. तिने फक्त कडेला एक चौथं अंथरूण घालून ठेवलं होतं, आणि रोज सकाळी सगळ्यांच्याबरोबर त्याच्याखालचाही गव्हांडा हलवायची, मूठ दाबून बघायची.

मग एका दुपारी मी क्लासहून आले तर बाबा त्या चौथ्या अंथरुणावर झोपलेले. सदऱ्याच्या बाह्या वर सरकल्या होत्या, हात ओरबाडून ओरबाडून रक्ताळले होते. इतके गाढ झोपलेले मी त्यांना कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. आई दारात गहू निवडत बसली होती. तिने मला बोटाने गप्प केलं. दिवस कलेपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसून होतो, आणि पडवीत कोंबडीच्या पोटाखालून पिल्लांचा बारीक आवाज सुरू झाला होता. काही अंडी गार पडली होती, बाकीची फुटत होती.

बाबा उठले. केसात गव्हांडा अडकलेला. आईने चहा पुढे ठेवला. ते अर्धा प्याले आणि म्हणाले, परवा गाडी सांगतो, काय भाव येईल त्या भावानं इकून टाकतो. मग बहिणीला म्हणाले, चाचीकडून कोंबड्या घेऊन ये. आईचा हात पदराच्या टोकाशी गेलेला त्यांनी बघितला.

"तवा कोंबड्यायसाठीच मांगतली होती मी चावी," ते म्हणाले. मग कप खाली ठेवला. "पण राहू दे. तुह्याजवयच राहू दे."

आईने मान हलवली. चेहरा झाकायला पदर ओढला तेव्हा चावी तिच्या गालाला लागली, आणि ती तशीच बसून रडली. बाबांनी तिच्या मांडीवरचं सूप आपल्याकडे घेतलं आणि उरलेले गहू निवडू लागले.