वास आतला की बाहेरचा

वरसेतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये जिन्यात कुणी "वास आला!" असं ओरडलं की वरपासून खालपर्यंत धाडधाड खिडक्या लागतात. गॅलरीतले कपडे आत येतात आणि जवळच्या केमिकल कंपन्यांचा उद्धार सुरू होतो. कुठली कंपनी, कसला वास, हे कुणी विचारत नाही. वास आला म्हणजे तो कंपनीचा, आणि खिडकी लावायची. हा नियम सगळ्यांत आधी पाळणारी बाई म्हणजे माझ्या समोरच्या फ्लॅटमधली नूतन.

नूतनचं माहेर हमरापूरचं. घरात मूर्तींचा धंदा. गणपतीच्या आधी काही महिने त्या घरात माणसांपेक्षा मूर्ती जास्त असायच्या. ओटीवर रंगाचा पंप, पडवीत थिनरचे डबे, आणि रांगांमधून वाट काढत जेवायला बसायचं. "आमचा भात पण रंगाचा लागायचा, बाई," असं ती सांगते, आणि तक्रार म्हणून सांगत नाही. रंगाचा वास म्हणजे हातात काम आहे. मूर्ती गेल्या की वास जायचा आणि घर सुनं व्हायचं.

ही मुलगी लग्न होऊन सासरी निडीला गेली. नवरा अक्षय कंपनीत शिफ्टला, म्हणून दोघांनी वरसेत फ्लॅट घेतला. फ्लॅटला कसलाच वास नव्हता. ते तिला पटलं नाही. तिने फरशीला लिंबाचं फिनेल आणलं, संडासाला निळी बाटली, बेसिनला ब्लीच, कपाटात डांबरगोळ्या. बाथरूममध्ये गुलाबाची वडी लटकवली. संध्याकाळी धूप, रात्री डासांचं मशीन, आणि पाहुणे येणार असले की वरून फुसफुस मोगरा.

"वास नाय आला तर घर पुसलेलं कळायचं कसं?" तिने मला एकदा विचारलं.

"डोळ्यांनी," मी म्हटलं. ती खूप हसली. मी विनोद केला नव्हता.

गेल्या थंडीत तिला खोकला लागला. डॉक्टरांनी छातीसाठी पंप दिला. आठवडाभर निडीला राहिली तर खोकला गेला. परत आली, घर खसाखसा धुतलं, खोकला हजर. सासू मैनाबाई शेतावरच्या वालाची पिशवी घेऊन आल्या आणि बसल्या बसल्या निकाल देऊन गेल्या, "कंपनीची हवा हाय ती. फ्लॅट विका नि घरी चला."

अक्षयला पटलं. "आमच्याच प्लँटचं असणार," तो म्हणाला, जरा अभिमानानेच. त्या प्लँटमध्ये तो रोज अख्खी शिफ्ट काढायचा आणि त्याला साधी शिंकही येत नव्हती. हे मी त्याला दाखवून दिलं. तो म्हणाला, "आम्हाला सवय झालेय ना, बाई."

नूतनला निडीला जायचं नव्हतं. निडीत वाईट काही नाही, पण तिथे चूल सासूची, माळा सासूचा, आणि सून दुपारी आडवी झाली तर आळीभर माहिती. वरसेत ती म्हणेल तिथे बादली राहत होती. आयुष्यात पहिल्यांदाच.

"मग सांग ना तसं," मी म्हटलं.

"बोलायला तोंड उघडलं की खोकला येतो, बाई. तेवढ्यात त्यांचं ठरून जातं."

तर रविवारी गिऱ्हाईक यायचं ठरलं. रोह्याचे जमालभाई, कुवेतहून सुट्टीवर आलेले, आणि त्यांची बायको अजीजा. घर विकायचं नसलं तरी मळकं घर दाखवणं नूतनच्या तत्त्वात बसत नव्हतं. मैनाबाई देखरेखीला सकाळीच आल्या. अक्षय पहिल्या शिफ्टला.

मी गॅलरीत वाल सोलत होते. अचानक नूतनचा आवाज आला, "वास आला!" आणि नियमाप्रमाणे सगळ्या खिडक्या लागल्या. मी नाक वर केलं. कुणाकडे तरी सुकट भाजत होते, तेवढंच. कंपनीचा वास एवढा शिस्तीचा नसतो की रांगेतला एकच फ्लॅट निवडून आत शिरेल. मग बंद दारामागून खोकला ऐकू आला, आणि तो थांबेना.

मी दार वाजवलं. मैनाबाईंनी जेमतेम चारच बोटं उघडलं. नाकाला पदर, डोळ्यांना धारा.

"बाई, बिगी बिगी आत या नि दार लावा! बाहेरचा वास आत येतोय!"

दारातच माझे डोळे झोंबले. पेणच्या शाळेत मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. हा वास पोरांना मी लांबूनच ओळखायला शिकवत असे. हा क्लोरिन.

"मैनाबाई, जिन्यात चला. आत्ता. बोलायचं नंतर."

बाथरूममध्ये नूतन भिंतीला धरून वाकली होती. बाहेरचा वास येऊ नये म्हणून तिने वरच्या झरोक्यात टॉवेल कोंबला होता. एक्झॉस्ट बंद केला होता. संडासात निळी बाटली ओतून तिचं समाधान झालं नव्हतं, म्हणून वर ब्लीच ओतलं होतं. मी श्वास धरला, तिला दंडाला धरून बाहेर ओढलं, आणि जाता जाता हॉलच्या खिडक्या सताड उघडल्या.

"अवो उघडताय काय!" मैनाबाई जिन्यातून ओरडल्या.

नूतनला पायरीवर बसवलं, पंप दिला. श्वास जरा ताळ्यावर आल्यावर तिने पहिलं काय विचारावं? "टॉवेल पडला नाय ना?"

"अगं, त्या बाटलीत ॲसिड आहे. त्यावर ब्लीच ओतलंस की विषारी वायू होतो. आज कंपनी तुझ्या बाथरूममध्ये होती."

"पण रोज तर वेगवेगळं वापरते."

"रोज बंद घरात एकेक करून छातीत घेतेस. वर मोगरा मारतेस. निडीला काय मारतेस?"

तिने विचार केला. "तिथं काय नाय. आई फक्त शेणाने सारवतात."

मैनाबाईंचा चेहरा पडला. "म्हंजी कंपनी नाय?"

कंपन्यांना मी निर्दोष म्हणत नाही. त्यांचा वास येतो तेव्हा येतो, आणि मी तक्रारीही केल्या आहेत. पण हा त्यांचा नव्हता.

इतक्यात जमालभाई आणि अजीजा वर आले. अजीजाने ओढणी नाकाला लावली. जमालभाई म्हणाले, "बाप रे, कंपनीचा वास घरात एवढा शिरतो?"

मैनाबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी नूतनकडे बघितलं. उत्तर तिचं होतं. 'हो' म्हणाली असती तर गिऱ्हाईक आल्या पावली गेलं असतं.

"कंपनीचा नाय, भाऊ," नूतन म्हणाली. मध्ये खोकला आला. या वेळी सगळे थांबले, कारण जिन्यात दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. "माझाच हाय. संडास धुतला."

"मग काय हरकत नाय," अजीजा म्हणाली. "वास जाईल. घर चांगलं असलं म्हंजी झालं."

"घर चांगलंच हाय. म्हणून विकायचं नाय."

"गो नूतन!" मैनाबाई म्हणाल्या. "नि खोकला?"

"बाटल्या बंद करते, आई. पावसापर्यंत बघू. नाय थांबला तर येते निडीला, तुमची शपथ."

शपथ त्यांचीच घातलेली, त्यामुळे मैनाबाईंना ती मानावीच लागली. जमालभाईंना मी माझ्याकडे चहा पाजला. त्यांना माझा फ्लॅट आवडला. मी विकणार नाही म्हटलं.

खोकला एका दिवसात गेला नाही. तसं गोष्टीत होतं. हळूहळू उतरला. बाहेर खरंच वास सुटला तर अजून पंप लागतो. आता घर साबणाच्या पाण्याने पुसलं जातं आणि नूतन कधी कधी दारात उभी राहून सुन्या घराकडे बघावं तशी फरशीकडे बघते. जिन्यात कुणी ओरडलं तर ती आधी गॅलरीत जाऊन हुंगते आणि खाली ओरडते, "बाहेर काय नाय! घरात काय सांडलंय ते बघा!" बिल्डिंगमध्ये यामुळे ती फारशी लोकप्रिय नाही.

पाऊस लागल्यावर मैनाबाई आल्या, शपथेचं काय झालं ते बघायला. मी तिथेच होते. त्यांनी दारात चपला काढल्या, दोनदा नाक ओढलं.

"गो, आज फरशी पुसली नायस?"

"पुसली."

"वास नाय येत."

"डोळ्यांनी बघा, आई."

मैनाबाईंनी वाकून फरशीवर बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरलं. मग उघड्या खिडकीशी जाऊन बसल्या आणि चहा मागितला.