तक्त्यावरच्या चार ओळी

आधी माफी मागतो. अजब अनुभवांच्या या सदरात लिहिणारी माणसं वयानं आणि अनुभवानं मोठी असतात. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला पहिलाच. लिहायची सवय नाही. आणि जे लिहिणार आहे त्यात घाबरण्यासारखं फार काही नाही... लाज वाटावी असं मात्र बरंच आहे. समोरासमोर कुणाला सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून इथं लिहितोय.

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. गावाकडे कुणी काही सांगायला लागलं की मी पुरावा मागायचो, आणि आई शेजारणींना कौतुकानं सांगायची, "शिकलाय आता त्यो."

कुरुळीत पिठाच्या गिरणीमागे सहा खोल्यांची चाळ आहे. तिथल्या तिसऱ्या खोलीत मी आणि बालाजीभाऊ राहायचो. बालाजीभाऊ आमच्याच तालुक्यातला, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तो फायनल इन्स्पेक्शनला होता. तयार झालेला भाग ट्यूबलाइटखाली धरायचा, फिरवून बघायचा, ओरखडा किंवा बारीक भोक दिसलं की लाल क्रेटमध्ये टाकायचा. शिफ्टभर हेच काम. मी सुट्टीत दोन महिने तिथं ट्रेनी होतो, तेव्हा सुपरवायझर म्हणायचे, "बालाजीला दिसलं नाही ना, मग ते नाहीच."

गेल्या वर्षी गणपतीनंतर त्याचं डोकं दुखायला लागलं.

"उठल्या उठल्या डोकं फुटायलंय बघ," तो सांगायचा. "अन् बूट बांधायला वाकलं की डोळ्यापुढं धुरकट होतंय. जरा वेळानं जातंय म्हणा."

मग ज्यानं त्यानं आपापलं कारण सांगितलं. लाइनवरची पोरं म्हणाली, मशीनच्या ऑइलचा वास. सुपरवायझर म्हणाले, मोबाईल कमी बघ. औषधाच्या दुकानात पित्ताची गोळी मिळाली. चाळीच्या मालकीणबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि वर म्हणाल्या, "दिष्ट काढली म्या, पर तेवढ्यावर ऱ्हाऊ नगंस. डोळ्याच्या डाक्तरला दाखीव. ह्ये मला काय बरं दिसत न्हाई."

मिरच्यांवरून मी हसलो. त्यांचं पुढचं वाक्य मी ऐकलंच नाही म्हणा ना.

एका रविवारी दुपारी बालाजीभाऊ म्हणाला, "तू बघ की त्या मोबाईलवर. तू शिकलेला हायस." मी शोधलं. डोकेदुखी आणि धूसर दिसण्याची कारणं, अशी मराठीत यादीच आली. मी मोठ्यानं वाचत गेलो... अपुरी झोप, चष्म्याचा नंबर, मायग्रेन, रक्तदाब, साखर. प्रत्येक कारणाला तो मान हलवायचा आणि जरा सैल व्हायचा. यादीत शेवटी होतं – डोक्यातला दाब वाढणं किंवा गाठ. दुखणं सकाळी जास्त, वाकल्यावर नजर जाते, ताबडतोब तपासून घ्यावं.

ते मी मनात वाचलं.

"एवढंच?" त्यानं विचारलं.

"एवढंच," मी म्हणालो. "तुझं बहुतेक मायग्रेन असेल."

असं का केलं, हे मी स्वतःला अनेकदा विचारलंय. दिवाळीनंतर त्याला पर्मनंट करणार होते. त्यावर त्याचं लग्न अडलं होतं. आणि पर्मनंट होण्याआधी कंपनीत डोळ्यांची तपासणी असते. इन्स्पेक्शनचा माणूस त्यात नापास झाला की लाइनवरून खाली, आणि कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढत नाही. शिवाय त्याचा चेहरा इतका हलका झाला होता... आणि खरं सांगायचं तर, मी सांगतोय ते कुणीतरी खरं मानतंय, हेही मला आवडलं होतं.

यापुढचं आणखी वाईट आहे. कंपनीच्या मेडिकल रूममध्ये इंग्रजी अक्षरांचा एकच तक्ता कित्येक वर्षं टांगलेला होता. ट्रेनी असताना मीही तो वाचला होता, आणि तो माझ्या लक्षात राहिला होता. माझं सगळं शिक्षण पाठांतरावर झालंय, मला दुसरं काय येतं? मी तो वहीत उतरवला आणि बालाजीभाऊकडून आठ दिवस घोकून घेतला. उजव्या डोळ्याला सरळ, डाव्या डोळ्याला उलटा, कारण दुसऱ्या डोळ्याच्या वेळी सिस्टर उलटं वाचायला लावतात.

"घ्या मास्तर परीक्षा!" एक डोळा तळहातानं झाकून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. चुकला की कान पकडायचा. आम्ही खूप हसायचो.

तपासणी मंगळवारी होती, अकराच्या सुमाराला. मी तेव्हा निगडीला, कॉलेजमध्ये होतो. वर्गात सर फळ्यावर आकृती काढत होते. अचानक माझ्या डोक्यात मागून पुढे काहीतरी दाबत आल्यासारखं झालं. असं दुखणं मी कधी अनुभवलं नव्हतं. फळा राखाडी झाला, मग सर, मग माझे स्वतःचे हात. मी बाक घट्ट धरून बसलो. पाच मिनिटं झाली असतील, फार तर दहा. मग पाणी निवळावं तसं सगळं निवळत गेलं.

शेजारचा मित्र माझ्या वहीकडे बघत होता. "काय रे, रस्ता सांगतोयस का कुणाला?"

इंग्रजी नोट्सच्या खाली माझ्याच अक्षरात मराठीत चार ओळी होत्या. डावीकडे, वर, वर, खाली, उजवीकडे... अशाच. लिहिल्याचं मला आठवत नव्हतं. त्यांचा अर्थही कळत नव्हता.

संध्याकाळी बालाजीभाऊ जिलबी घेऊन आला.

"तुझं शिकवलेलं सगळं पाण्यात गेलं बघ, मास्तर! तक्ताच बदललाय."

मी विचारलं, "मग?"

"ते ई असतंय ना इंग्रजीतलं, नुसतं तेच सगळीकडं. कुठं आडवं, कुठं उलटं. दांड्या कुठल्या बाजूला हायत ते सांगायचं. वरचं मोठं सांगितलं, पण खालच्या चार ओळींत मला तर नुसती राख दिसायली. म्हटलं, संपलं आता. तेवढ्यात तू सांगायलास की कानात!"

"भाऊ, मी कॉलेजला होतो."

"ते मला काय माहीत? आवाज तुझाच. डावीकडं, वर, वर, खाली... मी आपलं मागं म्हणत गेलो. पास!"

मी त्याला वही दाखवली नाही. पंधरा दिवसांनी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आणायला कंपनीत गेलो, तेव्हा वहीचं ते पान खिशात होतं. मेडिकल रूमचं दार उघडं होतं. मी बाहेरूनच एकेक खूण ताडून बघू लागलो.

"काय रे, टेस्ट आहे का तुझी?" सिस्टरनी विचारलं.

"नाही सिस्टर, नुसतं बघतोय."

"बघायला काय पिक्चर लागलाय?"

शेवटच्या चार ओळी. एकही खूण चुकलेली नव्हती.

मला लाज वाटते ती त्या चार ओळींची नाही. त्या दहा मिनिटांत जे माझ्या डोक्यात झालं, ते बालाजीभाऊचं दुखणं होतं, असं मला त्या संध्याकाळीच वाटलं होतं. ते मायग्रेन नव्हतं, पित्त तर नव्हतंच. यादीतली शेवटची ओळ मला पाठ होती. तेव्हाही मी म्हणू शकलो असतो की भाऊ, उद्या सकाळी दवाखान्यात चल. मी जिलबी खाल्ली.

दिवाळीनंतर तो पर्मनंट झाला. संक्रांतीपर्यंत सकाळच्या उलट्या सुरू झाल्या. लाल क्रेट रिकामं जायला लागलं आणि खराब भाग पुढे जायला लागले. गिऱ्हाईक कंपनीकडून माल परत आला, त्यावर त्याचा शिक्का होता. दोन मेमो मिळाले. एका सकाळी तो खोलीत भिंत चाचपत दारापर्यंत गेला, तेव्हा आत्यांनी मला सगळ्यांदेखत विचारलं, "तू शिकल्याला ना रं? तुला कळंना व्हय?" त्याच दिवशी त्याच्या भावानं त्याला गावी नेलं. जाताना बालाजीभाऊनं नोकरीचा राजीनामा माझ्याकडूनच लिहून घेतला, सही चाचपत केली. त्यानंतर मी त्याला फोन केला नाही. रोज करायचं ठरवायचो.

त्या मंगळवारी काय झालं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. सरांना आडून विचारलं, ते म्हणाले ताण असेल. ताणानं डोकं दुखेल, पण कधी न पाहिलेला तक्ता कसा उतरेल? आणि जे काही मदतीला आलं, ते त्याच्या मदतीला आलं की माझ्या खोटेपणाच्या, हेही मला कळत नाही. कुणाला असा अनुभव असेल तर जरूर लिहा. मला दोष दिलात तरी चालेल.

गेल्या आठवड्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. बालाजीभाऊची धाकटी बहीण होती. लातूरला ऑपरेशन झालं, गाठ काढली, जिवाला धोका नाही, म्हणाली. मी डोळ्यांचं विचारलं. ती म्हणाली, "उजेड तेवढा कळतोय. डॉक्टर म्हणाले, चार-सहा महिने आधी आणायला पाहिजे होतं." लग्नाचं तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मी म्हणालो, भाऊला फोन दे.

"इथंच बसलाय," ती हळू आवाजात म्हणाली, "पण घेईना गेलाय. तुमी एवढं शिकवून पास केलं अन् त्याला नोकरी टिकवता आली नाही, म्हणून तुमच्याशी बोलायची लाज वाटायलीय म्हणतो."